‘समजा’च्या देशातली निवडणूक

“बोल की बिनधास्त. तिला मराठी कळत नाही.”

विलासकाका हे म्हणाले तेव्हा मी त्यांच्यापासून चार पावलांवर चहा गाळत होते. ते आणि त्यांच्या साइटवरचा एक माणूस किचनच्या दाराशी भिंतीला टेकून उभे होते. हॉलमध्ये मतदान संपत आलं होतं. “डबा उघडायचाच न्हाई,” विलासकाका आवाज खाली आणून म्हणाले. “मतं मोजली की किती जण साहेबांच्या विरोधात गेले ते दिसणार. कशाला नसती आफत? मी उठून एका ओळीचा ठराव मांडतो. तू पहिला हात वर कर. बाकीचे तुझं बघून करत्यात.” मग माझ्याकडे वळून त्यांनी प्रेमाने हिंदीत विचारलं, “चाय हो गया, बेटा?”

“येस, अंकल,” मी म्हणाले.

तो हिवाळा आठवला की मला आधी हे दोन शब्द आठवतात, आणि अजूनही कान गरम होतात.

दोह्यात हिवाळा आकाशातून येत नाही, भिंतीतून येतो. मार्चपासून घरघरत असलेला एसी डॅडी नोव्हेंबरातल्या एखाद्या संध्याकाळी बंद करतात आणि बराच वेळ बसलेला पाहुणा उठून गेल्यासारखं घर मोकळं होतं. मग खिडकी उघडते. आठ महिने काचेपलीकडे मुका असलेला रस्ता आत येतो. खालच्या कॅफेटेरियात करक चहाचे कप एकात एक रचल्याचा आवाज, समोरच्या मल्याळी घरातली कुकरची शिट्टी. बांग वर्षभर ऐकू येते, पण या दिवसांत तिच्यातला माणसाचा घसाही ऐकू येतो. मम्मी बाल्कनीतल्या गवती चहाची पाती कापते. वाळवंटाकडून धूळ येते ती पूर्वीसारखी भाजत नाही, नुसती येऊन टेबलावर बसते.

यंदा एसी बंद झाला त्या संध्याकाळी मी ऑफिसचं काम घरी घेऊन बसले होते. मी एका कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. ड्रॉइंगना नंबर देणं, जुनी आवृत्ती बाद करणं, मीटिंगची मिनिट्स सगळ्यांना पाठवणं, असलं काम. न बोलणाऱ्या माणसाला हे काम बरं पडतं. त्या दिवशी एका मॅनेजरने मिनिट्समध्ये एक ओळ घालायला सांगितली होती की निर्णय सर्वांना मान्य आहे. दोघांना मान्य नव्हता. मी खोलीत होते, कोपऱ्यात, लॅपटॉपमागे. खिडकीतून वारा आला, कागद उडाले, आणि आठ वर्षांपूर्वीचे ते सगळे शुक्रवार हॉलमध्ये चपला काढून आत आले.

डॅडींना ‘समजा’ या शब्दाचं व्यसन आहे. ते वसईचे. एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर आहेत, आणि स्टोअरकीपरला सगळी कंपनी ओळखते, कारण हातमोजे, वेल्डिंगच्या कांड्या, बॅटऱ्या, सगळ्यासाठी त्याच्याच खिडकीशी यावं लागतं. तिथे मराठी कानावर पडलं की डॅडी आधी गाव विचारतात, मग शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, घरी बोलावतात. हे सगळे एकटे राहणारे पुरुष, कुणी इलेक्ट्रिशियन, कुणी ड्रायव्हर, कुणी वेल्डर. बहुतेक जण बरवा अल बराहा या कामगार वसाहतीत राहायचे, एका खोलीत चौघे. शुक्रवारी सकाळी आम्ही चर्चला जाऊन यायचो, मम्मीची हॉस्पिटलची ड्युटी नसेल तर माशांचं जेवण व्हायचं, आणि चार वाजता बाळाकाकांच्या गाडीतून पहिली खेप यायची. बाळाकाका मालवणकडचे, ड्रायव्हर. कधी उत्तरेला अल रुवैसला माल टाकून येताना मासे आणायचे, आणि दारातूनच ओरडायचे, “वयनी, हमूर हाडलंय, कापाक कोण बसता?”

त्या वर्षी तिकडे, देशात, कसली तरी निवडणूक होती. सगळे फोनमध्ये भाषणं बघत होते. मत एकालाही देता येणार नव्हतं. मत द्यायचं तर तिकीट काढून गावी जायला हवं, आणि रजा काही निवडणूक बघून मिळत नाही. असं सगळं बोलणं चालू असताना डॅडी म्हणाले, “समजा...”

समजा, घटना लिहिताना ठरलं असतं की पंतप्रधान नको, लोकांनी थेट राष्ट्राध्यक्ष निवडायचा. आणि समजा, पक्षाने कुणाला उभं करायचं हे दिल्लीत ठरलं नसतं. प्रत्येक जिल्ह्यातल्या साध्या सभासदांनी चिठ्ठ्या टाकून उमेदवार निवडला असता. तर?

तो ‘तर’ चार महिने पुरला.

मी बारावीत होते, प्री-बोर्डचा अभ्यास चालू होता. हॉलच्या कोपऱ्यात, फ्रिजशेजारी माझं टेबल होतं. पॉलिटिकल सायन्सचं इंग्रजी पुस्तक समोर उघडं असायचं आणि कान मराठीकडे. मला मराठी सगळं कळायचं. वसईचं, परभणीचं, मालवणचंही. पण शाळेत इंग्रजी, बिल्डिंगमध्ये हिंदी, आणि घरात मम्मी-डॅडी मराठीत विचारणार, मी इंग्रजीत उत्तर देणार, अशी सवय. मराठी शब्द दातांपर्यंत यायचे आणि तिथे थांबायचे. चुकलं तर लोक प्रेमाने हसतात. त्या प्रेमाने हसण्याची मला फार भीती होती.

डॅडींनी मला त्या देशाचा इतिहास लिहायला बसवलं, कारण त्यांचं अक्षर त्यांनाही वाचता येत नाही. हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीत मी शुद्ध इंग्रजीत एका खोट्या देशाची खरी हकीकत लिहीत गेले. मी लिहिते इंग्रजीत, उत्तर देते इंग्रजीत, म्हणून मला मराठी कळत नाही आणि सगळं डॅडीच मागाहून समजावून देतात, असं पुष्कळांना वाटायचं. पहिल्या राष्ट्राध्यक्ष शाळेतल्या एक बाई होत्या. दुसरे, तीनदा पडून चौथ्यांदा निवडून आलेले एक वकील. प्रत्येकाला त्या इतिहासात एक दुरुस्ती सुचवायची मुभा होती. बाळाकाकांच्या देशात मुंबईहून मालवणला जाणारी बोट कधी बंदच पडली नाही. डॅडींच्या देशात वसई हा स्वतंत्र जिल्हा होता आणि त्याचा कलेक्टर दर रविवारी केळीच्या बागा बघायला यायचा. “ह्यो तुमचा स्वार्थ झाला, लॉरेनभाऊ,” विलासकाका म्हणाले. डॅडी म्हणाले, “इतिहास स्वार्थीच असतो. लिही गं.” पक्षाच्या नावावरून तीन शुक्रवार भांडण झालं आणि शेवटी नुसतं ‘पक्ष’ एवढंच नाव राहिलं. पण पहिला नियम एका झटक्यात पास झाला. या पक्षात पक्षश्रेष्ठी नाहीत. तो डॅडींनी सांगितला आणि मी मोठ्या अक्षरात लिहून खाली रेघ मारली.

सुदामकाका परभणीचे, वेल्डर. उंच, वाकलेले, बोलताना डोळे बारीक करणारे, जणू समोर ठिणग्या उडत आहेत. सगळ्यांच्या दुरुस्त्या ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, “लॉरेनभाऊ, एक सांगा. समद्या जिल्ह्यात एवढं चांगलं झालंय. मग आपण इथं काय करायलोत?”

डॅडी चष्मा पुसायला लागले.

“टुरिस्ट म्हणान इलव, आनी काय!” बाळाकाका म्हणाले.

सगळे एवढे हसले की मम्मी आतून म्हणाली, खिडकी लावा, शेजाऱ्यांना वाटेल मारामारी चालली आहे. कुणीतरी खिडकी लावली. मी वहीत लिहिलं की कतारमध्ये काही मराठी पर्यटक राहतात. ती ओळ अजून तिथे आहे.

डिसेंबरात निकमसाहेब यायला लागले. ते कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होते आणि पर्ल या उच्चभ्रू वस्तीत राहायचे, जिथे खिडकीतून बोटी दिसतात. आलेल्यांपैकी निम्मे त्यांच्या साइटवर कामाला. ते वाईट माणूस होते असं मी लिहू शकत नाही. आले की जमिनीवर सगळ्यांबरोबर मांडी घालून बसायचे, विनोद सांगायचे. एवढ्या माणसांत माझ्या अभ्यासाची चौकशी करणारे ते एकटेच. पण ते आले की बाकीच्यांच्या पाठी सरळ व्हायच्या, आणि ‘समजा’ म्हणायच्या आधी माणसं त्यांच्याकडे बघायची. उमेदवार म्हणून विलासकाकांनी त्यांचं नाव सुचवलं. विलासकाका त्यांच्याच हाताखाली सुपरवायझर होते. साहेब म्हणाले, “अरे, गंमत आहे तर गंमत करू. पण समोर कुणीतरी हवा ना?”

कुणी पुढे येईना. मग सुदामकाकांनी डोळे बारीक केले आणि हात वर केला.

“तू, सुदाम?” साहेब हसले. “शाब्बास!”

मला वाटतं, त्या शाब्बासकीने सुदामकाकांपुरती गंमत तिथेच संपली. पुढच्या शुक्रवारी ते लवकर आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिशातून ओंजळभर बोरं काढून त्यांनी माझ्या पुस्तकावर ठेवली. इथे रस्त्याच्या कडेला सिद्रची झाडं असतात, हिवाळ्यात त्यांना बारीक, पिवळट बोरं लागतात. कामगारांच्या बसथांब्यामागे असं एक झाड होतं म्हणे, आणि त्याच्याखाली संक्रांतीच्या सुमारास सगळा मराठवाडा उभा असायचा. त्या बोरांना गोडी कमी, पण वास अगदी बोराचा. मी एक तोंडात टाकलं. ते बघत होते.

“तुला कळतंय ना आमचं?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. “मला वाटलंच. ज्याला कळत नाही, ते पोरगं असं कान देऊन बसत नाही.” मग खाली वाकून म्हणाले, “इलेक्शनचं काम तुझ्याकडंय ना? एक सांगतो. मी फेब्रुवारीत कायमचा जायलोय. एकोणीस वर्षं झाली. सात वेळा गावी गेलो, त्यात एकदाबी इलेक्शन आलं नाही. माझं मत तिकडं दुसरंच कोणतरी टाकायलंय असं भाऊ म्हणतो. हारलो तर हारलो, त्याचं काही नाही. पण मला मोजून हारायचंय. मोजशील नं?”

मी पुन्हा मान हलवली.

निवडणूक अधिकारी म्हणून माझी नेमणूक आधीच झाली होती, आणि ती एकमताने. बाळाकाकांनी कारण दिलं होतं, “ह्या चेडू कोणाच्याच बाजून बोलाचा नाय. ह्या बोलतच नाय.” खेळात मिळालेलं ते पहिलं पद मी फार गंभीरपणे घेतलं. मतपत्रिका माझ्या गणिताच्या रफ कागदांच्या कापलेल्या पट्ट्यांवर केल्या, त्यामुळे प्रत्येक मताच्या पाठीला अर्धवट त्रिकोणमिती होती. सुदामकाकांचं चिन्ह पाना, निकमसाहेबांचं हेल्मेट. दोन्ही चित्रं मीच काढली, सोळा वेळा. अक्षरावरून कुणी ओळखू नये म्हणून सगळ्यांनी एकाच पेन्सिलीने फुली मारायची. मतपेटी म्हणजे खजुराचा पत्र्याचा रिकामा डबा. त्याच्या झाकणाला फट पाडायला तो वर्कशॉपमध्ये न्यावा लागला, आणि ती फट सुदामकाकांनीच ग्राइंडरने पाडली.

“उमेदवारान पेटी केली!” बाळाकाका गरजले. “मतदानाआधीच घोटाळो!”

भाषणांचा शुक्रवार मला वासासकट आठवतो. गवती चहा, पायमोजे, आणि बाहेर पडून गेलेला पावसाचा एक सडा, त्यामुळे ओल्या धुळीचा तो वास. निकमसाहेब सुंदर बोलले. ते बोलत होते तेव्हा आपण मोठ्या सभागृहात आहोत असं वाटत होतं. त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यात मेट्रो दिली, प्रत्येक तालुक्याला विमानतळ दिला. टाळ्या पडल्या. मग सुदामकाका माझ्या टेबलाला पाठ लावून उभे राहिले, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. त्यांच्या शर्टाची इस्त्री मला मागून दिसत होती, आणि हातातला एक कागदही.

“माझ्याकडं एकच गोष्टंय,” ते म्हणाले. “मी निवडून आलो तर माणूस जिथं असंल तिथं पेटी जाईल. कॅम्पात असंल तर कॅम्पात. जहाजावर असंल तर जहाजावर. बाई बाळंतपणाला माहेरी गेली असंल तर माहेरी. माणसानं पेटीकडं कामून जावं? पेटीला पाय नसतेत, पण सरकारला असतेत ना?” कागद उलटा केला, मागे काही लिहिलेलं नव्हतं. “बस. झालं.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काहींनी खाली बघितलं. मी पॉलिटिकल सायन्सचं पुस्तक मिटलं. त्यात प्रौढ मतदानाचा अख्खा धडा होता, आणि पेटीला पाय नसतात हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मतं शेवटी मोजली गेली. कशी ते सांगतेच. निकमसाहेबांना नऊ, सुदामकाकांना सात. पर्लमधल्या साहेबांनी उठून सुदामकाकांना मिठी मारली, फोटो काढला, आणि मग कधी आले नाहीत. महिनाभर साइटवर एकच चर्चा होती म्हणे, ते सात कोण? डॅडींच्या स्टोअरच्या खिडकीशी येऊन एकेक जण हातमोजे घेता घेता हळूच सांगून जायचा, “लॉरेनभाऊ, कुणाला बोलू नका, पण त्या सातांत मी होतो.” डॅडी मोजत होते. फेब्रुवारीपर्यंत त्या सातांचे अकरा झाले. अकरा मतांनी सुदामकाका जिंकले असते. पण डब्यातून निघाली ती सातच, आणि मला ती सातच प्रिय आहेत. कारण ती पेन्सिलीने मारलेली होती, मागून सांगितलेली नव्हती.

विलासकाका डॅडींशी पुढचा सगळा उन्हाळा बोलले नाहीत. मम्मी म्हणाली, एका खेळापायी माणसं तोडली. डॅडी काही म्हणाले नाहीत. आमच्या घरातल्या त्या गप्प बसण्यात माझ्याबद्दल थोडा राग होता, थोडी लाज होती, आणि डॅडींना ती लाज माझी नाही, स्वतःची वाटत होती, हे मला फार उशिरा समजलं.

सुदामकाका दर हिवाळ्यात फोन करतात. त्यांच्या मागे परभणीच्या बाजारातला गोंगाट असतो. गेटं, ग्रिलं बनवायचं त्यांचं छोटंसं दुकान आहे आता. मागच्या निवडणुकीत त्यांनी मत दिलं, बोटाचा फोटो पाठवला. शाई दिसावी म्हणून बोट अगदी कॅमेऱ्यात घातलेलं, त्यामुळे फोटोत फक्त एक काळा ढग. “सात मतं होती माझी, कतारमधी,” ते दुकानात येणाऱ्याला सांगतात म्हणे. लोकांना वाटतं म्हातारा फेकायलाय. मी त्यांच्याशी मराठीत बोलते. मराठी मी त्या वर्षानंतर कमावलं, वाचून, चुकून, प्रेमाने हसणाऱ्यांना हसू देऊन. हे लिहितानाही एखादा शब्द डॅडींना विचारावा लागतो. ते सांगतात, आणि कशासाठी हवाय ते विचारत नाहीत.

कधी कधी मी विचार करते, ती माणसं घाबरट होती का? तर नाही. पन्नास डिग्रीत उंच शिडीवर चढून काम करणारी माणसं घाबरट कशी असतील? त्यांनी गावात, तालुक्यात, लहानपणापासून एकच पाहिलं होतं. आपल्याकडे नेता कसा निवडतात? दिल्लीहून निरीक्षक येतो. एकेकाला बंद खोलीत बोलावून ऐकून घेतो. माणसं मन मोकळं करतात. मग सगळे बाहेर येतात, कुणीतरी उठून एका ओळीचा ठराव मांडतो, उमेदवार ठरवण्याचे सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना, आणि हात वर होतात. बंद खोलीत काय बोललो होतो ते ज्याचं त्याने गिळायचं. त्यांनी चार महिने बसून एक नवा देश रचला. त्याला बोटी दिल्या, कलेक्टर दिले, पक्षश्रेष्ठी काढून टाकले. आणि निवडीची वेळ आली तेव्हा हात जुन्या देशातल्यासारखाच उठला. कुणी धमकी दिली नव्हती. साहेबांनीही दिली नव्हती. हात आपोआप उठतो. मीही त्यांच्यातलीच होते. त्यांचा हात उठत होता, माझी जीभ उठत नव्हती, एवढाच फरक.

तो शेवटचा शुक्रवार. संध्याकाळ व्हायला आली होती, खिडकीतून तिरकं ऊन जमिनीवर बसलेल्यांच्या गुडघ्यांवर पडलं होतं. शेवटची चिठ्ठी पडली. डबा मी फ्रिजवर ठेवला होता. ट्रे घेऊन हॉलमध्ये आले तेव्हा विलासकाका उभे राहिलेच होते.

“मित्रहो,” ते म्हणाले, “आपण समदे एका कुटुंबातली माणसं. मतमोजणी करून उगं एकमेकांत अंतर कशाला पाडायचं? मी एका ओळीचा ठराव मांडतो. उमेदवार निवडायचे सर्वाधिकार आपल्यातल्या ज्येष्ठांना, म्हणजे निकमसाहेबांना द्यावेत. साहेब ठरवतील ते आपल्याला मान्य.”

“अहो, काय हे, विलास,” साहेब म्हणाले, पण हसत म्हणाले, आणि हात जोडले.

किचनच्या दारात होता त्या माणसाने पहिला हात वर केला. मग दुसरा. मग एकदम चार-पाच. बाळाकाकांनी आधी जमिनीकडे बघितलं, मग हात उचलला, कोपरातून अर्धाच, बसमध्ये दांडी धरल्यासारखा. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्याकडे विनोद नव्हता. मी सुदामकाकांकडे बघितलं. त्यांनी हात वर केला नव्हता. ते फ्रिजवरच्या डब्याकडे बघत होते, त्यांनीच कापलेल्या फटीकडे. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं, डोळे बारीक केले, आणि त्यांचाही हात हळूहळू वर यायला लागला. हातावर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग होते. मला ते कधी इतके दिसले नव्हते.

आणि मग डॅडी. पहिला नियम ज्यांनी सांगितला ते डॅडी. सोफ्याच्या हातावर बसलेले, यजमान, सगळ्यांचे लॉरेनभाऊ. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला पाठ आहे. लहानपणी बिल्डिंगमधल्या मुलांनी मला खेळायला घेतलं नाही तेव्हा ते असंच बघायचे. जाऊ दे बेटा. आपण पाहुणे आहोत. खेळच तर आहे. आणि त्यांनी हात वर केला.

मी ट्रे माझ्या पुस्तकांवर ठेवला. एक कप कलंडला, प्रौढ मतदानाच्या धड्यावर चहा पसरला, मी पुसला नाही. फ्रिजवरून डबा खाली घेतला. आतल्या चिठ्ठ्या एका बाजूला घसरल्या आणि त्यांचा वाळू सरकल्यासारखा आवाज झाला. तो ऐकून दोन-तीन माना वळल्या.

“रहने दो, बेटा,” विलासकाका म्हणाले. “हो गया. खलास.”

इंग्रजी वाक्य तयार होतं, नीट, विनम्र, ‘एक्सक्यूज मी’ने सुरू होणारं. त्यात माझी एकही चूक झाली नसती, आणि त्या खोलीतल्या कुणालाही ते ऐकून न ऐकल्यासारखं करता आलं असतं. मी ते सोडून दिलं. झाकणाखाली नख घातलं. झाकण घट्ट होतं, नख मोडलं, झाकण निघालं. शब्द दातांपर्यंत आले. या वेळी मी तोंड उघडलं.

“डॅडी, हात खाली घे. सुदामकाका, तुम्ही पण. सोळा चिठ्ठ्या आहेत, आणि मी एकेक मोठ्याने वाचणार आहे. ज्याला ऐकायचं नसेल त्याने बाल्कनीत जाऊन उभं राहावं.”